जपानी डर्बीचे जनक

घोड्यांची शर्यत म्हटली की पाठोपाठ सट्टा आठवतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जपानमध्येही याहून वेगळे चित्र नव्हते. शर्यत ही मुळात तरुण घोड्याची परीक्षा असते, हे तेथील शासनाला पटवून देण्यासाठी यासुदा इझाएमोन यांनी आपले उभे आयुष्य वेचले. जपानी अश्वशर्यतींचे जनक म्हणून आजही त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

यासुदा यांचा जन्म १८७२ मध्ये गिफू प्रांतात झाला. टोकियोत त्यांनी कृषिशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे ते घोडदळात दाखल झाले. रशिया-जपान युद्धाच्या काळात (१९०४-०५) ते घोडदळातील अधिकारी होते. या युद्धात जपानचा विजय झाला खरा. परंतु जपानी घोडे रशियन घोडदळाच्या घोड्यांपुढे खुजे आणि कमजोर आहेत, ही गोष्ट लपून राहिली नाही. घोड्याची जात सुधारायची तर उत्तम नर-मादी निवडले पाहिजेत, आणि ते निवडायचे तर समान अंतरावर त्यांना एकमेकांविरुद्ध धावायला लावले पाहिजे, अशी यासुदा यांची साधी भूमिका होती.

अडचण पैशाची होती. बक्षिसाची रक्कम मोठी असल्याशिवाय कोणी महागडे घोडे पोसणार नाही आणि पैजेच्या तिकिटांची विक्री झाल्याशिवाय ती रक्कम उभी राहणार नाही, हे ते ओळखून होते. १९०६ मध्ये टोकियोतील इकेगामी मैदानावर सरकारच्या मूक संमतीने अशी तिकिटे विकली गेली. पाहता पाहता देशभर शर्यतींचे पेव फुटले, गैरप्रकार वाढले आणि १९०८ मध्ये सरकारने तिकीटविक्रीवर बंदी घातली. यासुदा यांनी मग लोकप्रतिनिधिगृहाचा मार्ग धरला. १९१२ मध्ये ते निवडून आले आणि शर्यतींसाठी स्वतंत्र कायदा व्हावा म्हणून त्यांनी चिकाटीने प्रयत्न केले. तो कायदा अखेर १९२३ मध्ये संमत झाला. त्यात पैजेला परवानगी होती. मात्र जिंकणाऱ्याला तिकिटाच्या दहापटीहून अधिक रक्कम मिळणार नाही, अशी अटही होती.

इंग्लंडच्या डर्बीच्या धर्तीवरील ‘तोक्यो युशुन’ ही शर्यत यासुदा यांच्याच पुढाकाराने सुरू झाली. २४ एप्रिल १९३२ रोजी मेगुरो येथे २,४०० मीटर अंतराची पहिली शर्यत झाली. एकोणीस घोडे धावले आणि वाकाताका विजयी ठरला. तीन वर्षांच्या थरोब्रेड घोड्यांसाठी असलेल्या या शर्यतीत नाव नोंदवण्याची सुरुवात शिंगरू लहान असतानाच करावी लागे. त्यामुळे पैदास करणाऱ्यांना काही वर्षे पुढचा विचार करण्याची सवय लागली. १९३६ मध्ये देशातील शर्यती एका संस्थेखाली आल्या आणि १९३८ मध्ये यासुदा तिचे अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षापर्यंत पाच प्रमुख शर्यतींची मालिका पूर्ण झाली.

पण काळ युद्धाचा होता. १९४३ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने शर्यती थांबवण्याचा निर्णय घेतला. पैदाशीसाठी निवड तरी सुरू राहावी म्हणून केवळ ‘क्षमता चाचणी’ या नावाने धावा घेण्याची मुभा राहिली. १९४४ ची डर्बी फुचूच्या मैदानावर अशीच झाली. तिकीटविक्री नव्हती, प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. संबंधित मंडळी तेवढी हजर होती. शर्यत म्हणजे परीक्षा, हे यासुदा यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले, पण किती उदास रीतीने! ती परीक्षा जिंकणारा कैसो पैदाशीसाठी राहिलाच नाही. तो लष्कराकडे गेला आणि नागोयावरील हवाई हल्ल्यांनंतर त्याचा ठावठिकाणा लागला नाही. ज्या लष्कराला चांगले घोडे मिळावेत म्हणून हा सारा खटाटोप सुरू झाला, त्याच लष्कराच्या युद्धाने निवडलेला घोडा गिळला. पुढची दोन वर्षे डर्बी झालीच नाही.

१९४७ मध्ये डर्बी पुन्हा सुरू झाली. १९५४ मध्ये जपान रेसिंग असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा पहिले अध्यक्षपद ब्याऐंशी वर्षांच्या यासुदा यांच्याकडे आले. १८ मे १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. १९५१ पासून त्यांच्या गौरवार्थ होत असलेल्या शर्यतीला त्याच वर्षी ‘यासुदा किनेन’, म्हणजे यासुदा स्मृती शर्यत, असे नाव देण्यात आले.

त्यांच्या पश्चात परीक्षेची ही कल्पना अधिकच पक्की झाली. मोठ्या शर्यतींपूर्वी आता रीतसर चाचणी शर्यती होतात. १९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘यायोई शो’तील पहिल्या तिघांना ‘सात्सुकी शो’त अग्रहक्काने प्रवेश मिळतो. २००५ मध्ये ही चाचणी जिंकूनच डीप इम्पॅक्टने पुढे तिहेरी मुकुट मिळवला आणि २०२० पासून त्या शर्यतीच्या नावात त्याचेही नाव जोडले गेले. सैन्याला आज घोड्यांची गरज उरलेली नाही. यासुदा यांनी रुजवलेली कसोटी मात्र टिकून आहे.