रखमाबाईंच्या नावावरची मिळकत

ओझरला लग्न जमवायला बसलं की सातबारा निघतोच. मुलाच्या नावावर किती एकर, बाग किती, घरात कुणी एचएएलमध्ये आहे का. मुलीच्या नावावर काय आहे, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. डॉ. रखमाबाईंची गोष्ट मात्र तिथूनच सुरू होते.

रखमाबाईंवरचा सिनेमा काहींनी पाहिला असेल. नवऱ्याकडे जाण्यापेक्षा तुरुंग पत्करणारी बाई, एवढं सगळ्यांना माहीत असतं. आधीचे पैशाचे व्यवहार फारसे कुणी सांगत नाही.

त्यांचा जन्म 1864 चा, मुंबईतला. वडील जनार्दन पांडुरंग गेले तेव्हा त्या जेमतेम अडीच वर्षांच्या आणि आई जयंतीबाई सतरा वर्षांच्या. पुढे सहाएक वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सुतार समाजात त्याला आडकाठी नव्हती. पण 1856 चा विधवा पुनर्विवाह कायदा एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणारा होता. दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपला! जयंतीबाईंनी लग्नाआधीच ती मिळकत मुलीच्या नावावर करून टाकली. सतराव्या वर्षी विधवा झालेल्या बाईचं हे शहाणपण मला थक्क करतं.

अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजीशी झालं. तो सखाराम अर्जुन यांच्या नात्यातला, गरीब. बोलणी अशी, की त्याने सासरी राहायचं, शिकायचं आणि खर्च सखाराम अर्जुन यांनी करायचा. म्हणजे घरजावई. त्याने शिक्षण सोडलं, मामाकडे जाऊन राहिला, डोक्यावर कर्ज करून घेतलं. रखमाबाई आईकडेच राहिल्या, घरीच वाचत, शिकत राहिल्या.

1884 मध्ये त्याने वकिलाची नोटीस पाठवली आणि बायको ताब्यात मिळावी म्हणून मुंबई हायकोर्टात गेला. आता भांडण संसाराचं की मिळकतीचं? आईला आणि आजोबांना मिळकत हातची जाण्याची भीती वाटते, म्हणून ते मुलीला अडवतात, असा दादाजीचा आरोप. त्याचा डोळाच मिळकतीवर आहे, असं रखमाबाईंच्या बाजूचं म्हणणं. माझ्या मते मिळकत नसती तर कदाचित दावाही झाला नसता. पण मग ‘नाही’ म्हणणंही इतकं जमलं नसतं. त्यातच एप्रिल 1885 मध्ये सखाराम अर्जुन वारले आणि खटल्याच्या मधोमध मोठा आधार गेला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपिलात तो टिकला नाही. मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम आला: महिनाभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग निवडला. टिळक विरोधात लिहीत होते, इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांतही वाद पेटला होता.

शेवट कसा झाला? राणी व्हिक्टोरियाने लग्न रद्द केलं, ही ऐकीव गोष्ट. खरं साधं आहे: पैशांनी. जुलै 1888 मध्ये दादाजीने 2000 रुपये घेतले आणि हुकुमाची अंमलबजावणी सोडून दिली. सुटका झाली, घटस्फोट नाही. हिंदू बाईला कोर्टातून तो मिळण्याची सोयच तेव्हा नव्हती. पुरुषाला दुसरी बायको करायला मात्र कायद्याची आडकाठी नव्हती.

1889 मध्ये त्या लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या. प्रवासासाठी आणि शिक्षणासाठी वर्गणी जमली, शिवाजीराव होळकरांनी 500 रुपये दिले. परत येऊन सुरतला आणि पुढे राजकोटला त्यांनी बायकांच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं काम केलं. आता कमाई स्वतःची होती. 1904 मध्ये दादाजी वारला, तेव्हा ज्याच्या घरात त्या कधी नांदल्याच नव्हत्या त्याच्यासाठी त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसली. का, ते कळायला मार्ग नाही, मला ते अजून खटकतं.

मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा 1947 मध्ये झाला, देशभरासाठी हिंदू विवाह कायदा मे 1955 मध्ये आला. त्याच वर्षी 25 सप्टेंबरला रखमाबाई गेल्या.