मळ्यातला वारकरी

माझे गाव हिंगोली जिल्ह्यात, नर्सी नामदेवच्या जवळ. चैत्री एकादशी आली की गावातली काही माणसे पंढरीला निघतात. माझे वडील मात्र कधी गेले नाहीत. फाल्गुनात विहीर तळाला जाऊ लागते, त्याच वेळी ते भेंडी-गवारीचे वाफे धरतात, आणि पुढे एक पाळी चुकली तरी कोवळी रोपे माना टाकतात. घरात विठोबाची तसबीर आणि घरधन्याने पंढरी पाहिलेली नाही, याची मला लहानपणी लाज वाटे. पुढे आमच्या नर्सीच्या नामदेवांच्या कथा वाचताना एका माळ्याची गाठ पडली, आणि ती लाज गेली.

ते संत सावता माळी. परंपरेप्रमाणे त्यांचा जन्म १२५० सालचा. गाव अरण, म्हणजे आजच्या सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातले. वडील परसोबा, आई नांगिताबाई. आजोबा दैवू माळी पंढरीचे वारकरी होते. पंढरपूर काही फार लांब नव्हते. तरीही सावतोबा मळ्यातच राहिले, असे परंपरा सांगते. नेमून आलेले काम मनापासून करणे हीच त्यांची पूजा होती. म्हणून त्यांच्या अभंगांत वाफ्यातली भाजी येते, विहिरीवरची मोटही येते. ते अभंग काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले. आज जेमतेम सदतीस उपलब्ध आहेत.

आख्यायिका अशी, की पांडुरंग नामदेवांची नजर चुकवून अरणच्या मळ्यात शिरला आणि सावतोबांनी खुरप्याने छाती चिरून त्याला आत लपविले. नामदेव व्याकूळ होऊन शोधीत तेथे आले. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी अर्थ उरतोच: नर्सीच्या भक्ताला देव सापडला तो राबणाऱ्या माणसापाशी. १२९५ साली, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, सावतोबांनी अरणलाच समाधी घेतली. पुढे पंढरीहून देवाची पालखीच अरणला येऊ लागली.

यंदा आमच्या विहिरीला पाणी कमी. चारांऐवजी दोनच वाफे धरले आहेत. तेही जगतील की नाही, कोणी सांगावे? सुटीत घरी गेलो तेव्हा वडिलांना ही कथा सांगितली. ते शांतपणे ऐकत होते. मग खोरे उचलून दारे धरायला निघाले. या वेळी मीही त्यांच्या मागे गेलो.