खेळाडू त्यांना घाबरायचे की मानायचे? भारताला दोनदा एशियन गोल्ड जिंकून देणाऱ्या रहीम साहेबांची गोष्ट

४ सप्टेंबर १९६२. इंडोनेशियाची राजधानी जकार्ता. एशियन गेम्सच्या फुटबॉल फायनलसाठी सेनायन स्टेडियम खचाखच भरलं होतं. जवळपास एक लाख लोक, आणि बहुतेक सगळे भारताच्या विरोधात ओरडणारे.

त्या दिवशी भारताकडून सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरलेला खेळाडू मुळात फॉरवर्ड नव्हताच. तो डिफेंडर होता आणि त्याच्या डोक्याला सहा टाके पडलेले होते. गोलकीपर नुकताच तापातून उठला होता. कोचची स्वतःची तब्येतही ढासळत चालली होती. समोर होती साऊथ कोरिया, जिने याच स्पर्धेच्या पहिल्या मॅचमध्ये भारताला २-० ने हरवलं होतं.

भारताने ही फायनल २-१ ने जिंकली. त्यानंतर आजपर्यंत भारताला एशियन गेम्समध्ये फुटबॉलचं गोल्ड मिळालेलं नाही.

त्या कोचचं नाव सय्यद अब्दुल रहीम. २०२४ मध्ये अजय देवगणचा मैदान हा सिनेमा आला आणि नव्या पिढीला हे नाव कळलं. सिनेमात दिसतात ते कडक शिस्तीचे रहीम. पण खेळाडूंनी त्यांचं का ऐकलं, भीतीपोटी की आदरापोटी, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

शाळेतले मास्तर

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा, हैदराबादचा. म्हणजे निजामाच्या राजवटीतलं हैदराबाद. उस्मानिया विद्यापीठात शिकताना ते विद्यापीठाच्या टीमकडून फुटबॉल खेळले. पुढे पोटापाण्यासाठी शिक्षक झाले. काचीगुडा, चादरघाट अशा भागांतल्या शाळांमध्ये त्यांनी शिकवलं आणि शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमाही केला.

त्यांच्यातला मास्तर शेवटपर्यंत गेला नाही. १९४० च्या दशकात हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी झाल्यावर त्यांनी पोरांसाठी वेगळ्याच स्पर्धा सुरू केल्या. त्यातली एक होती ड्रिब्लिंगला बंदी असलेली स्पर्धा.

त्या काळी आपल्याकडे बॉल पायात ठेवून चार जणांना चकवणारा खेळाडू म्हणजे हिरो. प्रेक्षक त्याच्यासाठीच यायचे. अशा वेळी पोरांना फक्त ड्रिबल करू नका असं ओरडून सांगून काही होत नाही. कोचची पाठ वळली की पोरं परत तेच करतात. रहीम यांनी ओरडण्याऐवजी खेळाचा नियमच बदलला. बॉल आला की लगेच पास द्यायचा, नाहीतर खेळता येणार नाही. पास द्यायचा तर आजूबाजूला आपलं कोण आहे हे आधीच बघून ठेवायला लागतं. दोन्ही पायांनी खेळता यायला लागतं. काही महिन्यांत पोरांना स्वतःलाच कळायचं की असं खेळलं तर मॅच जिंकता येते.

म्हणजे त्यांची शिस्त शिक्षेतून आलेली नव्हती, सरावातून आलेली होती.

पोलिसांची टीम आणि मुंबईचं कूपरेज

१९५० मध्ये रहीम हैदराबाद सिटी पोलिसांचे कोच झाले. पोलीस म्हटलं की वरून आदेश आला आणि खालच्याने सलाम ठोकला, असा कारभार. धाकावर टीम चालवायला यापेक्षा सोयीची जागा नव्हती. पण धाकाने माणूस पळतो जास्त, पास चांगला देतोच असं नाही. रहीम यांनी या टीमला छोट्या पासचा, वेगवान खेळ शिकवला.

याचा पुरावा मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिला. रोव्हर्स कप ही मुंबईची १८९१ पासूनची जुनी स्पर्धा, तिच्या मॅचेस कूपरेजवर व्हायच्या. हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हा कप जिंकला. १९५० मध्ये त्यांनी मोहन बागानला हरवून ड्युरँड कपही उचलला. कलकत्ता म्हणजेच भारतीय फुटबॉल, असं मानणाऱ्यांना हा मोठा धक्का होता.

एक गोल्ड आणि दहा गोल

१९५१ मध्ये दिल्लीत पहिले एशियन गेम्स झाले. भारताचे कोच रहीम. फायनलमध्ये मेवालालच्या गोलवर भारताने इराणला १-० ने हरवलं आणि गोल्ड घेतलं.

पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिक होतं. तिथे युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ ने धुतलं. थंडीतल्या मैदानावर भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते.

असा पराभव झाला की कोचचा खरा स्वभाव दिसतो. खापर फोडायला कारणं तयार होती. थंडी होती, खेळाडूंना बुटांची सवय नव्हती. रहीम यांनी मात्र खेळच नव्याने मांडायला घेतला. फेडरेशनने बूट सक्तीचे केले. १९५३ मध्ये हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ ने हरवलं. त्या मॅचमध्ये हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटी मागे सरकून खेळला आणि इंग्लंडच्या डिफेन्सला कुणाला धरायचं तेच कळेना. जगभरचे कोच ही चाल अभ्यासत होते. हैदराबादचा हा शाळामास्तरही त्यांच्यात होता.

त्याचं फळ १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकला मिळालं. भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं. गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईच्या क्लबांकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. सेमीफायनलला समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. या वेळी पहिला गोल भारताचा होता, तोही नेव्हिलचाच. शेवटी भारत ४-१ ने हरला आणि स्पर्धेत चौथा आला. पण चार वर्षांपूर्वी ज्या टीमकडून दहा गोल खाल्ले, तिच्याविरुद्ध भारत आता आघाडी घेऊ शकत होता.

मग धाक नव्हताच का?

होता. रहीम साहेब प्रेमळ काका होते असं चित्र रंगवणं खोटं ठरेल. फिटनेसच्या बाबतीत ते कडक होते आणि मैदानावर फाजील कसरती करणारा खेळाडू त्यांना चालायचा नाही. टीममध्ये कोण राहणार आणि कोण बाहेर जाणार, यात त्यांचा शब्द मोठा होता. या गोष्टीची भीती प्रत्येक खेळाडूला असतेच.

पण या भीतीची मर्यादाही समजून घ्यायला हवी. नॅशनल टीमचे खेळाडू रहीम यांचे नोकर नव्हते. चुनी गोस्वामी मोहन बागानचा, तुलसीदास बलराम ईस्ट बंगालचा, पी. के. बॅनर्जी ईस्टर्न रेल्वेचा. कलकत्त्यात या पोरांच्या नावावर मैदानं भरायची. रहीम त्यांचा पगार कापू शकत नव्हते की त्यांना क्लबमधून काढू शकत नव्हते. कॅम्प संपला की प्रत्येक जण आपापल्या साहेबाकडे परत जाणार. अशा स्टार खेळाडूंना नुसत्या दमदाटीने किती दिवस बांधून ठेवणार?

त्यांना बांधून ठेवलं ते दोन गोष्टींनी.

एक म्हणजे खेळाडूच्या घरची परिस्थिती रहीम यांना माहिती असायची. बलराम सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचा, गरीब घरातला. हैदराबादला सरावाला यायचं तर रोजचं भाडं परवडत नव्हतं. रहीम यांनी त्याच्या सायकलची सोय केली. हाच बलराम पुढे दोन ऑलिंपिक खेळला. १९६० च्या रोममध्ये त्याने हंगेरीविरुद्ध आणि पेरूविरुद्ध गोल केला.

दुसरी गोष्ट न्यायाची. रोमच्या त्याच ऑलिंपिकमध्ये भारताच्या संघात रहीम यांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम होता. वडील कोच असताना पोराची सोय लागणार, असंच कुणालाही वाटलं असतं. भारत तीन मॅच खेळला. हंगेरीकडून १-२ ने हरला, फ्रान्सशी १-१ बरोबरी केली, पेरूकडून १-३ ने हरला. तिन्ही मॅचमध्ये हकीम बाहेर बसून होता. स्वतःच्या मुलाला बाकावर बसवणाऱ्या कोचने उद्या आपल्याला बसवलं, तर त्यामागे खेळाचंच कारण असणार, हे बाकीच्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

जकार्ता

आणि मग १९६२ आलं. तोवर राजकारणाने जकार्ताचं वातावरण तापलं होतं. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं. एशियन गेम्सच्या संस्थापकांपैकी एक असलेले भारताचे जी. डी. सोंधी यांनी त्याला हरकत घेतली. स्थानिक लोक चिडले, भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. त्या दिवसांत टीमची बस निघाली की खेळाडू खाली वाकून बसायचे, असं त्यांनी नंतर सांगितलं आहे.

मैदानावरही सुरुवात वाईट झाली होती. कोरियाकडून हार. मग थायलंडला ४-१ ने हरवलं, पण त्या मॅचमध्ये डिफेन्सचा कणा असलेल्या जर्नेल सिंगचं डोकं फुटलं. सहा टाके पडले. जपानला २-० ने हरवून भारत सेमीफायनलला पोचला, तेव्हा रहीम यांच्यापुढे प्रश्न होता की जर्नेलचं करायचं काय.

त्यांनी त्याला डिफेन्समधून काढून थेट सेंटर फॉरवर्ड केलं. कागदावर हा वेडेपणा होता. पण धिप्पाड जर्नेल पुढे असला की समोरच्या बचावाचं निम्मं लक्ष त्याच्याकडेच जाणार, आणि चुनी, पी. के., बलराम यांना जागा मिळणार, असा हिशोब होता. सेमीफायनलमध्ये साऊथ व्हिएतनामविरुद्ध जर्नेलने गोल केला आणि भारत ३-२ ने जिंकला.

फायनलला त्यांनी आणखी एक बदल केला. सेमीफायनल खेळलेला गोलकीपर प्रद्युत बर्मन बाहेर, आणि तापातून उठलेला उंचपुरा पीटर थंगराज आत. कोरियाचे उंच बॉल अडवायला उंची लागणार होती. फायनलच्या तोंडावर जागा गेली तर कुठलाही खेळाडू दुखावतो. तरी त्यावरून टीम फुटली नाही.

आदल्या रात्री कुणालाच धड झोप लागत नव्हती. रहीम खेळाडूंशी बोलले. त्या रात्रीच्या ज्या आठवणी खेळाडू पुढे सांगत राहिले, त्यात दमदाटी नाही. कोचने डोळ्यांत पाणी आणून आपल्याकडे गोल्ड मेडलची भेट मागितली, असं त्यांनी सांगितलं. ज्याच्या हातात टीम निवडायचा अधिकार आहे, त्याने मागावं आणि समोरच्याने द्यावं, असं ते नातं होतं.

दुसऱ्या दिवशी १७ व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने गोल केला. तीन मिनिटांनी जर्नेलने दुसरा केला. कोरियाने शेवटी शेवटी एक गोल फेडला, पण तोवर उशीर झाला होता. त्या सगळ्या गोंगाटात भारतासाठी ओरडणारा एक छोटा गट होता, तो पाकिस्तानच्या हॉकी खेळाडूंचा. मिडफिल्ड सांभाळणाऱ्यांत मुंबईच्या टाटा क्लबचा गोवेकर फोर्तुनातो फ्रँको होता.

डोक्याला टाके असताना बॉल हेड करायला उडी मारणं ही गोष्ट कुणालाही घाबरवून करून घेता येत नाही. घाबरलेला खेळाडू आधी स्वतःला वाचवतो, चूक आपल्या नावावर येऊ नये म्हणून बॉल दुसऱ्याकडे ढकलतो. भरवसा असलेला खेळाडू अंगावर जोखीम घेतो. रहीम यांच्या कडकपणामुळे टीम फिट राहिली आणि शिस्तीत खेळली, हे खरंच. पण जकार्ताचं गोल्ड आलं ते त्या भरवशातून.

त्यांच्यानंतर

फायनलनंतर अवघ्या नऊ महिन्यांत, ११ जून १९६३ ला, फुफ्फुसाच्या कॅन्सरने रहीम गेले. वय ५३.

आदराची एक अडचण असते. तो माणसाला मिळतो, खुर्चीला नाही. रहीम गेल्यावर त्यांच्या जागी दुसरा कोच आणता आला, त्यांनी वीस वर्षांत कमावलेला विश्वास आणता आला नाही. त्यांच्या लहान मुलांच्या स्पर्धा आणि सरावाची पद्धत फेडरेशनला देशभर राबवता आली असती. तसं झालं नाही. १९७० मध्ये बँकॉकला भारताने एशियन गेम्सचं ब्राँझ जिंकलं, तेव्हा कोचच्या जोडीत पी. के. बॅनर्जी होते. मॅचआधीच्या त्यांच्या भाषणांना कलकत्त्यात व्होकल टॉनिक म्हणायचे. त्यानंतर मात्र एशियन गेम्समध्ये भारताला फुटबॉलचं एकही मेडल मिळालेलं नाही.

रहीम यांच्या खेळाडूंपैकी अनेकांना अर्जुन पुरस्कार मिळाला, काहींना पद्मश्री. कोचना दिला जाणारा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला, तेव्हा रहीम यांना जाऊन २२ वर्षं झाली होती.

रोममध्ये बाकावर बसलेला त्यांचा मुलगा हकीम पुढे हवाई दलात अधिकारी झाला, आंतरराष्ट्रीय रेफरी झाला, १९८२ च्या दिल्ली एशियाडला पी. के. बॅनर्जींच्या हाताखाली भारताचा सहायक कोच होता. २०१७ मध्ये त्याला ध्यानचंद पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये तो गेला. तोपर्यंत कुणीही भारतीय फुटबॉलबद्दल विचारलं, की हकीम वडिलांबद्दल भरभरून बोलायचा. तेच वडील, ज्यांनी त्याला ऑलिंपिकमध्ये एकही मॅच खेळू दिली नव्हती.