पालवणकर बाळू : कर्णधार न झालेला गोलंदाज

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र थोडक्यात लिहून द्यावं, असं संयोजकांनी सुचवलं तेव्हा माझ्याकडे नाव तयार होतं. आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळीनंतर झालेला वाद सगळ्यांना आठवत असेल. क्रिकेटपटूंनी राजकीय वादांवर बोलावं की गुमान खेळावं, यावर तीन दिवस मेसेज पडत होते. मुहम्मद अलीपासून आयपीएलपर्यंत सगळं निघालं. दोघं ग्रुप सोडून गेले. त्यातला एक अजून परतलेला नाही. मी त्यात एक अक्षरही लिहिलं नाही. आज लिहिते आहे ते सत्तर वर्षांपूर्वी वारलेल्या एका गोलंदाजाबद्दल.

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाडला झाला. मूळ घराणं कोकणातलं, जात चांभार. वडील सैन्यात नोकरीला होते, त्यामुळे कुटुंब पुण्याला आलं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर बाळू आणि धाकटा शिवराम क्रिकेट शिकले. बाळूंची पहिली नोकरीही मैदानावरचीच. एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि सदस्यांना अधूनमधून चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले, तिथे चार रुपये मिळू लागले. नेट बांधायचं, खेळपट्टी तयार करायची आणि साहेबांना सराव द्यायचा. धंदेवाईक खेळाडू म्हणजे लिलावात कोट्यवधींना जाणारा, असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं. आपल्याकडच्या सुरुवातीच्या धंदेवाईक खेळाडूंपैकी एकाचा हिशेब हा असा, महिना चार रुपयांचा.

कॅप्टन ग्रेग नावाचा त्या काळचा नामांकित फलंदाज इतरांच्या आधी एक तास येऊन फक्त बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करायचा. बाळूंनी त्याला बाद केलं की तो आठ आणे द्यायचा, असं सांगतात. खरं-खोटं कोण जाणे, पण डावखुऱ्या हाताने टाकलेला तो संथ, वळणारा चेंडू याच नेटमध्ये तयार झाला एवढं नक्की. तिथे बाळूंनी शेकडो तास गोलंदाजी केली. बॅट मात्र कुणी त्यांच्या हातात दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा हक्क.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचं होतं आणि हरवू शकणारा गोलंदाज अस्पृश्य होता. पुष्कळ वाद होऊन अखेर बाळूंना संघात घेतलं. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा घेत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात तो दिला जाई. जेवणाचं ताट वेगळं, बसायची जागा वेगळी.

इथे मी थोडी थांबते. खेळात राजकारण आणू नका असं ग्रुपवर लिहिणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं होतं की तो मातीचा पेला काय होता? सॉफ्टवेअरमध्ये आम्ही डिफॉल्ट सेटिंग म्हणतो. ते कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. ज्याला त्याचा त्रास नाही, त्याला ते ठरवलेलं आहे हेही कळत नाही.

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याला पुण्याच्या संघाने हरवलं, त्यात बाळूंनी मोठा वाटा उचलला. पुण्यात परतल्यावर न्यायमूर्ती रानडे यांनी जाहीर सभेत त्यांचा गौरव केला आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला हरकत कसली, असा प्रश्न स्वजातीयांपुढे ठेवला. लोकमान्य टिळकांनीही बाळूंचं जाहीर कौतुक केलं. ही १९०१ पूर्वीची गोष्ट.

पुढे पुण्यात प्लेग आला आणि कुटुंब मुंबईला गेलं. तिथे बाळू हिंदू जिमखान्यातर्फे खेळू लागले आणि रेल्वेत नोकरीला लागले. मुंबईच्या त्या क्रिकेटची रचनाच धर्मावर होती. आधी युरोपियन विरुद्ध पारशी, १९०७ पासून हिंदूंसह तिरंगी, १९१२ पासून मुसलमानांसह चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी सामने. दरवर्षी हजारो लोक ते बघायला यायचे. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. बाळूंनी दोन डावांत मिळून आठ बळी घेतले आणि शिवरामही त्या संघात होते. वंगभंगाच्या चळवळीचे दिवस होते ते. विजय क्रिकेटचा होता, पण देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्यावर लिहिलं ते काही क्रिकेट म्हणून नव्हे. एव्हाना मुंबईच्या जिमखान्यात दोघा भावांना इतरांबरोबर बसून जेवता येत होतं. पुण्याच्या पेल्यापासून इथवर यायला दहाएक वर्षं आणि शेकडो बळी लागले.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, बाळूंनी मात्र दौऱ्यात ११४ बळी घेतले. तेव्हा त्यांचं वय पस्तिशीचं आणि खांदा दुखरा. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचं मानपत्र तयार करण्यात तरुण भीमराव आंबेडकरांचा हात होता, असं सांगितलं जातं. त्या पिढीतल्या दलित मुलांसाठी बाळू काय होते हे त्यातून कळतं. बाबासाहेबांच्या आधी घराघरात पोचलेलं ते नाव होतं.

आणि तरीही कर्णधारपद नाही. त्या संघात बाळूंहून ज्येष्ठ आणि अनुभवी कुणी नव्हतं. १९१३ साली म. दा. पै कर्णधार झाले तेव्हा हा मान ज्येष्ठतेने बाळूंचा होता, असं त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं. असं बोलणं सोपं नव्हतं, म्हणून पै मला मोठे वाटतात. पण खुर्ची कुणी सोडली नाही. दरवर्षी वर्तमानपत्रांतून मागणी व्हायची आणि दरवर्षी निवड समिती दुसऱ्या ब्राह्मणाला किंवा सवर्णाला निवडायची. बाळू काहीच बोलले नाहीत. निवृत्तीपर्यंत त्यांनी हा प्रश्न स्वतःहून जाहीरपणे काढल्याचं दिसत नाही. चार रुपयांवर रोलर फिरवलेल्या माणसाला तोंड उघडण्याची किंमत चांगली ठाऊक असणार.

बोलले ते भाऊ. १९२० च्या चौरंगी सामन्यांत बाळूंना संघातूनच वगळलं. पै आजारी पडल्यावर कर्णधारपद दि. ब. देवधरांना दिलं. तेव्हा बाळूंचा भाऊ विठ्ठल संघातला उत्तम फलंदाज होता. विठ्ठल आणि शिवराम यांनी सामन्यातून अंग काढून घेतलं आणि कारण लपवलं नाही. आपली जात आडवी येते आहे, असं निवेदन वर्तमानपत्रांत दिलं. खेळाडूंनी भूमिका घेणं म्हणतात ते हेच, आणि तेही शंभर वर्षांपूर्वी. त्यांच्यामागे ना एजंट होता, ना चाहत्यांची फौज. पुढच्या सामन्यासाठी जागा मिळेल याचीही खात्री नव्हती. लोकमत त्यांच्या बाजूने वळलं. अंतिम सामन्याला पै परतले, बाळू उपकर्णधार म्हणून संघात आले आणि दोघे भाऊही खेळले. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा बाळूंनी संघ सांभाळला. आयुष्यातलं त्यांचं कर्णधारपद एवढंच.

१९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. मी हे वाचत होते तेव्हा अंबादेवीचं देऊळ डोळ्यांसमोर आलं. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अस्पृश्यांसाठी अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाची चळवळ केली ती १९२७ ची, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमरावतीच्या परिषदेचं अध्यक्षपद बाबासाहेबांनी घेतलं. म्हणजे मुंबईत एका चांभाराला हजारो हिंदू खांद्यावर घेऊन नाचले, त्यानंतर चार वर्षांनीही आपल्या गावात त्याला देवळाच्या पायरीवर उभं केलं नसतं. क्रिकेटने काय साधलं आणि काय नाही, हे दोन्ही त्यातून दिसतं.

बाळूंच्या आयुष्याचा शेवटचा भाग शाळेच्या पुस्तकात बसणारा नाही, म्हणूनच तो सांगते. खेळ संपल्यावर ते राजकारणात आले. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते बाबासाहेबांच्या विरोधी बाजूला, गांधीजींच्या बाजूला होते. १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींचं उपोषण सुरू असताना एम. सी. राजांबरोबर त्यांनी बाबासाहेबांची समजूत घालण्याचा प्रयत्न केला. २४ सप्टेंबरच्या पुणे करारावर त्यांची सही आहे. नंतर मुंबई महापालिकेची निवडणूक त्यांनी हिंदू महासभेतर्फे लढवली आणि हरले. १९३७ मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबई विधानसभेसाठी थेट बाबासाहेबांसमोर उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५.

ज्यांच्या लहानपणीचा नायक बाळू होते, त्यांनीच बाळूंना हरवलं. मला स्वतःला वाटतं की बाबासाहेबांचं बरोबर होतं आणि बाळूंचं चुकलं. पण उभं राहण्याचा त्यांचा अधिकार मी नाकारणार नाही. ग्रुपवर दोन्ही बाजूंना हेच सुटत होतं. खेळाडूने बोलावं म्हणणारे, तो आपल्याला हवं तेच बोलेल असं धरून चालले होते. बोलू नये म्हणणाऱ्यांना, तो बोलला की लोक आंधळेपणाने ऐकतील अशी भीती होती. मुंबईच्या मतदारांनी ११४ बळींचा मान राखला, अकरा हजारांवर मतं दिली आणि निवडून दुसऱ्याला दिलं. आणखी तीन वर्षांनी, १९४० मध्ये, गांधीजींनीच धर्मावर आधारलेल्या सामन्यांना विरोध केला. ते सामने १९४६ मध्ये बंद झाले. बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. विठ्ठल यांनी त्याआधीच, १९४८ मध्ये, 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहून ठेवलं होतं. बाळूंनी स्वतःचं काही लिहिलं नाही.

आता ग्रुपवर मी गप्प का होते ते. नववी-दहावीत आपल्या वर्गाच्या क्रिकेट संघाचा स्कोअर मी लिहायची, कारण माझं अक्षर चांगलं होतं. वही अजून आहे, अकोल्याला आईच्या कपाटात. दोन्ही वर्षं सगळ्यात जास्त बळी एकाच मुलाचे आहेत. कर्णधार तीन वेळा बदलला, त्याचं नाव एकदाही आलं नाही. मधल्या सुट्टीत त्याच्या डब्यातली भाकर कुणी घेत नसे, तो मात्र सगळ्यांना विचारायचा. हे मला दिसत होतं. मीही घेतली नाही. त्यावर आपल्यापैकी कुणी कधी काही बोललं नाही, सर-मॅडमही नाहीत, आणि तोही नाही. त्याचं नाव लिहीत नाही. तो हे वाचणार आहे आणि संमेलनालाही येणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानावर आपल्या बॅचचा सामना आहे. स्कोअर मीच लिहिणार. कर्णधार कोण ते अजून ठरलेलं नाही. माझं मत मी संयोजकांना कळवलं आहे.