वारल्यांच्या गोदूताई

1945 साली भारताचे स्वातंत्र्य दृष्टिपथात आले होते. परंतु मुंबई शहरापासून दीडशे किलोमीटरच्या आत, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू आणि उंबरगाव या तालुक्यांत राहणाऱ्या वारली आदिवासींपर्यंत स्वातंत्र्य हा शब्दही पोहोचला नव्हता. इंग्रजी अमलात जमीन महसुलाची नवी व्यवस्था आली, जंगल सरकारी झाले आणि कर्जापायी वारल्यांच्या जमिनी सावकार व जमीनदार यांच्या हाती गेल्या. जे एके काळी त्या भूमीचे धनी होते, ते तिच्यावरच वेठबिगार झाले. अशा माणसांच्या लढ्याशी ज्यांनी आपले सारे आयुष्य जोडले, त्या गोदावरी परुळेकर होत.

गोदावरीबाईंचा जन्म 14 ऑगस्ट 1907 रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव गोखले. घर सुस्थितीतले व सुशिक्षित होते. पुण्यातच त्यांनी उच्च शिक्षण घेतले आणि पुढे कायद्याची पदवी मिळवली. महाराष्ट्रातील पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. वकिली करून सुखाने राहण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. मात्र त्यांनी स्वातंत्र्य चळवळीत उडी घेतली आणि 1932 मध्ये कारावास भोगला. पुढे त्या मुंबईस आल्या. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1905 मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. या काळात त्यांनी प्रौढ साक्षरतेची मोहीम चालवली, तसेच घरकाम करणाऱ्या स्त्रियांची संघटना बांधली. 1939 मध्ये शामराव परुळेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच सुमारास दोघांनी साम्यवादी पक्षात प्रवेश केला.

7 जानेवारी 1945 रोजी कल्याणजवळच्या टिटवाळा येथे किसान सभेची प्रांतिक परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातील काही वारली बांधव या परिषदेस आले होते. माह्या धांगडा हे त्यांच्यापैकी एक. तेथे त्यांनी आपल्या लोकांची दैना सांगितली. ती ऐकून परुळेकर पती-पत्नींनी वारल्यांच्या मुलखाची वाट धरली.

तेथील स्थिती भयंकर होती. जमीनदाराच्या शेतात विनामोबदला राबावे लागे. त्याला वेठ म्हणत. लग्नासाठी काही रुपये कर्ज घेतलेला वारली 'लग्नगडी' होई. ते फेडण्यासाठी तो व त्याची बायको, दोघेही मालकाच्या घरी राबत. हिशेब मालकाच्या वहीत असे. कर्जदाराला अक्षरओळख नसे. त्यामुळे कर्ज फिटल्याचा दिवस सहसा उगवतच नसे. कामास नकार दिला, तर मारहाण होई. स्त्रियांची अब्रूही सुरक्षित नव्हती.

गोदावरीबाई पाड्यापाड्यांतून पायी हिंडल्या. वारल्यांच्या झोपड्यांत राहिल्या आणि त्यांच्या घरी जे शिजेल ते त्यांनी खाल्ले. त्यांची बोली, रीतीभाती आणि भीती समजून घेतल्याखेरीज आपले शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. शहरातून आलेल्या या शिकलेल्या बाईवर लोकांनी एकदम विश्वास टाकला नाही. त्यांच्या दृष्टीने सुशिक्षित माणूस म्हणजे सावकार किंवा अधिकारी. सहवास वाढला तसा हा दुरावा कमी झाला आणि गोदावरीबाई सर्वांच्या 'गोदूताई' झाल्या.

23 मे 1945 रोजी झरी या गावी सुमारे पाच हजार आदिवासी एकत्र आले. वेठ करायची नाही, रोख बारा आणे रोजाशिवाय जमीनदाराच्या शेतावर कामास जायचे नाही आणि सर्वांनी एकजुटीने राहायचे, असे तेथे ठरले. त्यानंतर वारल्यांचे जथे मालकांच्या वाड्यांवर गेले आणि त्यांनी लग्नगड्यांना सोडवून आणले. काही आठवड्यांतच पिढ्यान्‌पिढ्यांची ही गुलामी मोडून पडली. गोदूताईंनी धीर दिला, संघटनेची रीत दाखवली; पण मालकाच्या दारात उभे राहण्याचे धैर्य वारल्यांचे स्वतःचे होते.

पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न आला. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत, अशी मागणी करून वारल्यांनी संप पुकारला. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा येथे गोदूताईंची सभा असल्याची आणि त्यांच्या जिवाला धोका असल्याची खोटी बातमी पसरवण्यात आली. त्यांच्या रक्षणासाठी हजारो आदिवासी तेथे जमले. पोलिसांना मात्र दंगलीची खबर देण्यात आली. त्यांनी निःशस्त्र जमावावर गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांना हौतात्म्य आले. यानंतर परुळेकर पती-पत्नींना जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. नेते दूर गेल्यावर संप ढासळेल, असे मालकांना वाटले असावे. पण तो ढासळला नाही आणि अखेर मागितलेला दर मान्य करावा लागला.

1946 मध्ये मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. तरीही वारल्यांच्या वाट्याला बंदोबस्त, अटका आणि हद्दपारीच आली. त्या वर्षी जंगलकामगारांनी पुन्हा संप केला आणि रोज सव्वा रुपया मजुरी मिळवली. राज्यकर्ते बदलल्याने तळच्या माणसाची गुलामी आपोआप संपत नाही, हे या अनुभवाने स्पष्ट केले. म्हणूनच 1947 नंतरही गोदूताईंचे काम थांबले नाही. कुळांचा जमिनीवरील हक्क, जंगलातील प्लॉट आणि मजुरी या प्रश्नांवर त्या लढत राहिल्या. 1961 मध्ये आदिवासी प्रगती मंडळ स्थापन झाले आणि आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे कार्य सुरू झाले. सावकाराची वही ज्यांना वाचता येत नव्हती, त्यांची मुले आता शाळेत जाऊ लागली.

या वाटेवर त्यांनी मोठी किंमत मोजली. त्यांना अनेकदा तुरुंगवास घडला. 1965 मध्ये स्थानबद्धतेत असतानाच शामरावांचे निधन झाले. हे दुःख पचवून गोदूताईंनी 1970 मध्ये 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिले. वारल्यांच्या उठावाची ही हकिगत 1972 च्या साहित्य अकादमी पुरस्काराची मानकरी ठरली. 1986 मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

8 ऑक्टोबर 1996 रोजी गोदूताईंचे निधन झाले. जंगलजमिनीवरील आदिवासींचा हक्क देशाच्या कायद्याने मान्य होण्यास त्यानंतरही दहा वर्षे लागली. वनहक्क कायदा 2006 मध्ये संमत झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी 2018 मध्ये हजारो आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी चालत गेले. झरी गाव आता पालघर जिल्ह्यात आहे. या परिसरात 10 ऑक्टोबर हा हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी जेठ्या गांगड आणि त्यांच्या साथीदारांबरोबर गोदूताईंचेही स्मरण केले जाते.