टोपीखालचा उजेड

फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिची जी चित्रं आज आपण पुस्तकांत पाहतो, त्यांतली बरीचशी एका बाईनं काढलेली आहेत. एलिझाबेथ विजे ल ब्रं तिचं नाव. जन्म पॅरिसचा, १७५५चा. वडील पेस्टलनं व्यक्तिचित्रं काढायचे. पोरीलाही जागा मिळेल तिथे, अगदी भिंतीवरसुद्धा, रेघोट्या ओढायची खोड. पण ती बारा वर्षांची असताना वडील गेले. आईनं एका जवाहिऱ्याशी दुसरं लग्न केलं आणि मुलगी चित्रं काढून कमवायला लागल्यावर ते पैसे या सावत्र बापाच्या खिशात जाऊ लागले.

शिकायचं कुठे? राजाच्या अकादमीत मॉडेल समोर बसवून शिकवत, पण तो वर्ग पुरुषांचा. मग ही जुन्या उस्तादांच्या चित्रांपुढे जाऊन बसली. आई सोबत असायची. तरुण मुलीनं एकटं कसं फिरायचं, हा प्रश्न तिकडेही होताच की! रुबेन्स, रेम्ब्रां, व्हॅन डाइक यांनी रंगवलेले चेहरे, ग्रूझच्या कोवळ्या मुलींचे चेहरे तिनं उतरवून काढले.

नक्कल म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण तैलरंगात चेहरा जिवंत वाटतो तो उजेड आणि सावली यांच्या मधल्या छटांमुळे. गालावरचा उजेड कानाकडे सरकताना कुठे पिवळसर होतो, कुठे करडा, हे नुसतं सांगून समजत नाही. तो रंग स्वतः कालवावा लागतो, फसला तर पुसून पुन्हा लावावा लागतो. नाजूक कातडीवरच्या या छटा ती ग्रूझच्या मुलींकडून शिकली. जोसेफ व्हर्ने या नावाजलेल्या चित्रकारानं तिला सांगितलं होतं की एकाच पठडीला चिकटू नकोस, इटालियन आणि फ्लेमिश उस्ताद बघ, आणि त्याहून जास्त निसर्ग बघ.

१७७६ साली तिनं ल ब्रं या चित्रांच्या व्यापाऱ्याशी लग्न केलं. लग्नाआधी तो तिला नकलेसाठी मौल्यवान चित्रं आणून द्यायचा. नवरा झाल्यावर तिची कमाई घेऊ लागला आणि जुगारात उडवू लागला. बाप बदलला, खिसा बदलला, एवढंच!

१७८१ साली अँटवर्पमध्ये तिनं रुबेन्सचं एक चित्र पाहिलं. रुंद टोपी घातलेली तरुणी, चेहरा टोपीच्या सावलीत, तरी उजळलेला. नाव ‘गवती टोपी’, टोपी मात्र गवताची नाहीच! १७८२ साली एलिझाबेथनं स्वतःचं चित्र काढलं. आता मात्र ती नक्कल करत बसली नाही. टोपी खरोखर गवताची, हातात पॅलेट आणि कुंचले. रुबेन्सकडून घेतला तो फक्त उजेड.

१७८३मध्ये अकादमीचं दार उघडलं, तेही राणीच्या शब्दामुळे. नवरा व्यापारी, म्हणून आधी अडवणूक झाली होती. त्याच वर्षी तिनं राणीला साध्या मलमलीच्या झग्यात रंगवलं, तर एवढा गहजब झाला की ते चित्र प्रदर्शनातून काढावं लागलं.

ऑक्टोबर १७८९मध्ये, क्रांतीच्या धामधुमीत, कामकरी बाईच्या वेशात, लेकीला घेऊन ती पॅरिसमधून निसटली. नवरा मागेच राहिला. इटली, व्हिएन्ना, रशिया. जाईल तिथे राजघराणी तिच्यापुढे बसली आणि आता दाम तिच्याच हातात पडू लागला. ती १८०२ साली परतली. म्हातारपणी आठवणी लिहिल्या, आणि १८४२ साली, वयाच्या ८६व्या वर्षी गेली.

रुबेन्सची ती टोपीवाली आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. एलिझाबेथनं आपल्या टोपीच्या चित्राची स्वतःच काढलेली दुसरी प्रतही तिथेच आहे.