गरोदर महिलांच्या लाल गोळीचं मुंबई कनेक्शन काय? कोण होत्या डॉ. ल्युसी विल्स?

बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवलं की गरोदर महिलेला लाल गोळ्या दिल्या जातात. त्यात लोह असतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याच गोळीत फॉलिक अ‍ॅसिडही असतं. त्याच्या शोधाची सुरुवात मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत झाली. ती करणाऱ्या संशोधक होत्या डॉ. ल्युसी विल्स.

केंब्रिज ते मुंबई

विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजमध्ये त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. १९११ मध्ये त्यांनी शिक्षण पूर्ण केलं, पण तेव्हा केंब्रिज महिलांना पदवीच देत नव्हतं. पुढे लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि संशोधनाकडे वळल्या.

१९२८ मध्ये त्या मुंबईत आल्या. शहरातील गरीब गरोदर महिलांना, त्यात गिरणी कामगारही होत्या, तीव्र रक्तक्षय होत होता. अनेकींचा त्यात जीव जात होता.

आजार नेमका काय होता?

या महिलांच्या रक्तात लाल पेशी कमी होत्या आणि असलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. कारण असं : नवी पेशी तयार होताना डीएनएची प्रत बनावी लागते. त्यासाठी लागणारा घटक कमी पडला, की पेशी वाढते, पण वेळेवर विभागत नाही. परिणामी पेशींची संख्या घटते आणि शरीराला ऑक्सिजन कमी पडतो.

विल्स यांनी वेगवेगळ्या स्तरांतील महिलांच्या आहाराची तुलना केली. ज्यांचं ताट सर्वात निकृष्ट, त्यांनाच आजार जास्त, असं दिसलं. गरीब मुस्लिम महिला त्यात सर्वाधिक होत्या.

स्वस्त यीस्टनं उत्तर दिलं

तसाच निकृष्ट आहार उंदरांना, नंतर माकडांना देऊन प्रयोग झाले. आजारी माकडाला मार्माइट दिल्यावर ते झपाट्यानं सुधारलं. मार्माइट म्हणजे बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टचा काळसर, खारट अर्क. महिला रुग्णांनाही त्याचा गुण आला. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

दुसऱ्या एका गंभीर रक्तक्षयावर शुद्ध केलेला यकृताचा अर्क चालत असे, पण या महिलांना तो लागू पडत नव्हता. म्हणजे यीस्टमधला घटक वेगळा होता. त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हटलं गेलं. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला आणि फॉलिक अ‍ॅसिड हे नाव मिळालं. १९४५ मध्ये अमेरिकेत, भारतीय शास्त्रज्ञ डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील गटानं ते प्रयोगशाळेत तयार केलं.

१६ एप्रिल १९६४ रोजी विल्स यांचं निधन झालं. गरोदरपणाआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतल्यास बाळाच्या मेंदू व मज्जारज्जूतील जन्मदोष बरेच टळतात, हे १९९१ मध्ये सिद्ध झालं. ते पाहायला त्या नव्हत्या.

मधुमेहींनी का लक्ष द्यावं?

तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी लाल पेशींवरच अवलंबून असते. या पेशी साधारण १२० दिवस जगतात. फॉलिक अ‍ॅसिड, बी-१२ किंवा लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असेल, तर आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो. त्यामुळे चाचणीआधी रक्तक्षय असल्यास डॉक्टरांना सांगावं.

आज काय दिलं जातं?

सरकारी कार्यक्रमानुसार पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मिळते. चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस रोज एक लाल गोळी घ्यायची असते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं.

मळमळ होते किंवा शौचाला काळं होतं म्हणून काही जणी गोळ्या मध्येच सोडतात. काळा रंग लोहामुळे येतो, त्याची भीती नको. त्रास वाटल्यास गोळी बंद न करता आशाताई किंवा डॉक्टरांना विचारावं. जोडीला पालक, मेथी, हरभरा, मूग आणि शेंगदाणे आहारात ठेवावेत. भाजी फार वेळ शिजवू नये, कारण उष्णतेनं हा घटक नष्ट होतो.